पंचवीस वर्षांची दुसरी बेरीज

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. अनेकांनी ते छापून हवे असा आग्रह धरल्यामुळे येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



सोसायटीचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी छान सांगितला. चिखलातून चपला हातात घेऊन यायचे दिवस, पहिला गणपती, बोअरला पाणी लागलं तो दिवस, सगळं सांगून झालं. ते मी परत सांगत नाही. कार्यकारिणीनं मला वेगळंच काम दिलंय. "सर, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तुम्ही झूमवर बोला," असा हुकूम झाला.

सणाच्या दिवशी हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण गेल्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त वेळ याच विषयावर गेला. पार्किंगसुद्धा मागं पडलं! आणि आज बाहेर दाराशी टेबलावर सह्यांचा कागद ठेवलेला आहे. "कचरा डेपो इथून हलवावा" असं त्यावर लिहिलंय. जेवून जाताना बरेच जण सही करतील. सही करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं माझं ऐका, एवढीच विनंती.

आपलं गाऱ्हाणं खरं आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. वारा फिरला की खिडक्या लावाव्या लागतात. उन्हाळ्यात धूर येतो, पावसाळ्यात माश्या येतात. दम्याचा त्रास असलेली चार-पाच माणसं आपल्यात आहेत, रात्री उठून बसतात. फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक गच्चीवर गेलं की परत येताना दर पाडूनच मागतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहाचा कप हातात धरून "इकडं कायम असंच असतंय काय हो?" म्हणून विचारल्याचं मी स्वतः ऐकलंय. हे सगळं सहन करा असं सांगायला मी उभा राहिलेलो नाही.

आता झूम म्हणजे काय, ते लहान मुलांसाठी सांगतो. त्यांना वाटतं झूम म्हणजे मोबाईलवरची शाळा! कसबा बावडा–लाईन बाजार परिसरात शहराचा कचरा जिथं जातो, त्या जागेला आपण झूम म्हणतो. कचऱ्यापासून खत करण्याच्या एका प्रकल्पाचं ते नाव. प्रकल्प मागं पडला, नाव तेवढं राहिलं. शहरात दररोज दोनशे टनांच्या आसपास कचरा निघतो आणि त्याची वाट इकडंच येते. जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे तो उकरून, चाळून माती, प्लॅस्टिक, दगड वेगळं करण्याचं कामही तिथं झालं. पण एका बाजूनं उपसायचं आणि दुसऱ्या बाजूनं रोज टाकायचं, असं असलं की उपसा पुरा पडत नाही. भोक पडलेल्या घागरीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. इथं ती उलटी आहे, घागर रिकामीच होत नाही.

आता मुख्य प्रश्न. वास का येतो?

आपल्यातले निम्मे लोक खेड्यातून आलेले. प्रत्येकाच्या घरामागं उकिरडा होता. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं, सगळं त्यात जायचं. त्याचा असा वास यायचा काय? नाही. वर्षाकाठी त्याचं खत व्हायचं आणि बैलगाडीनं शेतात जायचं. उकिरडा ही शेतकऱ्याची ठेव होती. त्यात प्लॅस्टिक नव्हतं, काच नव्हती, डायपर नव्हते, आणि ढीग माणसाच्या उंचीपेक्षा मोठा नसायचा. त्यामुळं हवा आत खेळायची. हवा असली की कुजवणारे जिवाणू वेगळे असतात. ते काम करताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता तयार होते. मागं राहतं ते खत.

तोच भाजीपाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून भरला, वर शंभर पिशव्या रचल्या आणि त्यावरून जेसीबी फिरवला, की हवा संपते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना हवा नको असते. ते मिथेन तयार करतात. मिथेनला वास नसतो, पण तो पेट घेतो. सोबत हायड्रोजन सल्फाइड होतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. म्हणजे वास कचऱ्याचा नाही. ओला कचरा कोंडला गेल्याचा तो वास आहे. माझ्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आणखी एक. आपल्यातले काही म्हणतात, "सर, आता सवय झाली, वास येत नाही." हायड्रोजन सल्फाइडनं नाक लवकर थकतं. थोड्या वेळानं वास जाणवेनासा होतो, वायू मात्र तिथंच असतो. म्हणून पाहुण्याला वास येतो आणि आपल्याला येत नाही. सवय झाली म्हणजे हवा सुधारली, असं कुणी समजू नये.

आग का लागते, तेही यातच आलं. ढिगाच्या पोटात उष्णता साठते, मिथेन साठतो, वर कोरडं प्लॅस्टिक आणि कागद. एखादी ठिणगी पुरते. वरून बंबानं पाणी मारलं तरी आतली धग दिवसेंदिवस धुमसत राहते. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकतात. तिथं जानेवारी २०१६ मध्ये जी आग लागली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. प्लॅस्टिकच्या धुरात, विशेषतः पीव्हीसी जळताना, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं असतात. म्हणून धूर दिसला की मुलांना खेळायला बाहेर सोडू नका, आणि आपल्या आवारात वाळक्या पानांना काडी लावायची पद्धतही आजपासून बंद करूया. कचरा उघड्यावर जाळायला नियमानंच बंदी आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. ढिगातून पावसाचं पाणी झिरपतं, त्याचा काळा कषाय होतो. इंग्रजीत त्याला लीचेट म्हणतात. बावड्याचा उतार पंचगंगेकडे आहे. आणि पंचगंगा पुढं शिरोळ तालुक्यातून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिकडची माणसं नदीच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरडतात, तेव्हा त्यात आपल्या शहराच्या सांडपाण्याबरोबर आपल्या कचऱ्याचाही वाटा असू शकतो, हे आपण विसरतो.

मग कायदा काय सांगतो? आपल्या देशात शहरी कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २००० साली झाले. अल्मित्रा पटेल या बाईंनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचा त्यामागं मोठा वाटा आहे. त्यानंतर २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यात नवी भरावभूमी कुठं करायची ते लिहिलं होतं: नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब. तळाला ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा थर. रोजचं काम संपलं की कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर माती. आणि बंद केल्यावरही पंधरा वर्षं देखरेख. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरावभूमीत फक्त असाच कचरा न्यायचा, जो कुजत नाही, जळत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही. भाजीचा देठ तिथं जाणंच नियमाला धरून नाही.

आता सह्यांच्या कागदाकडं येतो. "इथून हलवावा." ठीक. कुठं?

कोल्हापूरला खड्डा दिसला की भरायची जुनी सवय आहे. कपिलतीर्थ हे तळं होतं, आज तिथं मंडई आहे. वरुणतीर्थ तळं होतं, आज गांधी मैदान आहे. त्याच सवयीनं कचऱ्यासाठी खणी शोधल्या गेल्या. टाकाळ्याच्या खणीचं नाव निघालं, टाकाळ्याच्या रहिवाशांनी विरोध केला. टोपच्या खणीचं नाव निघालं, टोपकरांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. त्यांचं काय चुकलं? आपण जे म्हणतोय तेच त्यांनी म्हटलं.

आमच्या घरचंच सांगतो. माझा एक मेव्हणा टोपच्या बाजूला राहतो. दिवाळीला आला होता. मी त्याला या सह्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, वर्गणी काढून बांधलेली तुमची सोसायटी. आमची बी घरं वर्गणीशिवाय का असंनात, घरंच हाईत न्हवं?" मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तुम्हाला सुचलं तर मला सांगा.

पुण्याचं बघा. कोथरूडचा कचरा डेपो कोथरूडकरांना नको झाला. तो बंद झाला, आता त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. कोथरूडकर सुटले. पण कचरा गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडवल्या की अख्ख्या पुण्यात कोंडाळी भरून वाहायची. जागा बदलली, कचरा तसाच राहिला. श्रीलंकेत कोलंबोजवळ मीथोटमुल्ला इथं २०१७ साली, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, कचऱ्याचा डोंगर घरांवर कोसळून तीसच्या वर माणसं गेली. त्याच वर्षी दिल्लीत गाझीपूरचा ढीग रस्त्यावर घसरला, दोघे गेले. हे ढीग कुणाच्या तरी दारात होते, म्हणूनच वाढू दिले गेले.

म्हणून मी आता आपल्या पंचवीस वर्षांची दुसरी बेरीज मांडतो. पहिली बेरीज अहवालात आहेच: ठेवी, शिल्लक, रंगकाम. दुसरी अशी. आपली घरं ६४. एका घरातून रोज पाऊण किलो ओला कचरा निघतो असं धरा. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, उष्टं. गृहिणी म्हणतील जास्तच निघतो, पण पाऊणच धरू. ६४ घरांचे रोजचे ४८ किलो. वर्षाचे साडेसतरा टन. पंचवीस वर्षांचे ४३८ टन. टिपरमध्ये एका खेपेला एक टन धरला, तर आपल्या या गेटातून ४३८ टिपर भरून ओला कचरा बाहेर गेला. त्या वासातला ४३८ टिपरांचा वास आपल्या स्वयंपाकघरातला आहे. म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. आपली बारा वर्षं दोनदा होऊन गेली!

यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा आक्षेप मला आधीच माहीत आहे, आणि तो रास्त आहे. "सर, आम्ही ओला-सुका वेगळा देतो, पण पुढं गाडीत एकत्रच होतो. मग कशाला वेगळा करायचा?" वहिनी, म्हणूनच. ओला कचरा गेटाबाहेर गेलाच नाही, तर एकत्र करणार कुणाला? मागं राहील तो सुका. कागद, बाटल्या, पिशव्या. तो कितीही एकत्र केला तरी कुजत नाही, वास मारत नाही, आणि तो वेचून पोट भरणाऱ्याच्या हाताला उष्टं लागत नाही. दुसऱ्यानं नियम पाळायची वाट न बघता करता येईल अशी ही एकमेव गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप, "आम्ही घरफाळा भरतो, मग हे काम आमचं कसं?" घरफाळा भरतो म्हणून तर जाब विचारायचा हक्क आहे. पण २०१६ च्या नियमांनीच घराघरात ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली होती. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्या आवारातच लावायची, असं त्या नियमांत होतं. आपली जागा तेवढी नाही. पण जीना एकच चढायचा, तर पायरी मोजत कशाला थांबायचं?

होईल का हे? होतं. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यानं केलं. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना घराघरातून वेगवेगळा कचरा घ्यायला सुरुवात झाली आणि कचरा टाकायच्या जागेची बाग झाली. लोक ती जागा बघायला जातात. आणि लांब कशाला, कोल्हापूरचंच बघा. गणपती पंचगंगेतच गेला पाहिजे, यावर आपण एकेकाळी हटून बसायचो. आज घरातले गणपती काहिलीत आणि इराणी खणीत विसर्जन होतात, निर्माल्य वेगळं गोळा होतं. श्रद्धा कमी झाली काय? नाही. जे गणपतीच्या दुर्वांसाठी जमलं, ते मेथीच्या देठांसाठी न जमायला काय झालं?

तेव्हा माझी सूचना अशी आहे. सह्यांचा कागद फाडायचा नाही, पण त्यातला मजकूर बदलायचा. "हलवा" एवढाच शब्द न लिहिता आपण पाच गोष्टी मागूया. एक, जुन्या ढिगावर नवा मिश्र कचरा टाकणं थांबवावं. दोन, कचऱ्यावर रोज माती पडावी, आणि उन्हाळ्यात आगीवर रात्रीची नजर असावी. तीन, काळं पाणी नदीकडं जाण्याआधी अडवून त्यावर प्रक्रिया व्हावी. चार, परिसरातल्या हवेची आणि विहिरी-बोअरची तपासणी होऊन निकाल लोकांना कळावेत. पाच, जुना ढीग कधी संपणार, याची तारीख द्यावी.

आणि एक फलक मागूया. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात आपण दर तासाला विचारतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोरांनाही पाठ आहे. तो आकडा कळतो म्हणून माणसं वेळेत घरं सोडतात. झूमवर आज किती टन आला, किती टनांवर प्रक्रिया झाली, किती तसाच राहिला, हे तीन आकडे रोज लिहिलेले असले, तर आपल्यालाही कळेल की ढीग इशाऱ्यावर आहे की धोक्यावर.

आता आपलं काम. मागच्या भिंतीलगत, बोअरशेजारी जागा आहे. तिथं भोकं पाडलेली मोठी पिंपं ठेवायची. एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर दुप्पट थर वाळक्या पानांचा किंवा लाकडाच्या भुश्श्याचा. आपल्या आंब्याची आणि गुलमोहराची पानं आपण जाळत होतो, ती इथं कामाला येतील. आठवड्यातून दोनदा उलथापालथ, म्हणजे हवा मिळते. वास आला तर समजायचं पाणी जास्त झालं, पानं वाढवायची. दीड-दोन महिन्यांत खत तयार. खत आवारातल्या झाडांना, उरलं तर कुंड्यांना. मटण-मासळीची हाडं-काटे पहिले सहा महिने त्यात टाकायचे नाहीत. कोल्हापुरात ही अट घालणं अवघड आहे, मला कल्पना आहे! पण हात बसेपर्यंत तेवढं पाळूया.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हे काम बायकांच्या डोक्यावर टाकून पुरुषांनी खाली गप्पा मारायच्या, असं होता कामा नये. प्रत्येक जिन्याची आठवड्याची पाळी लावायची आणि पाळीच्या यादीत घरातल्या पुरुषाचं नाव लिहायचं. पहिल्या आठवड्यासाठी मी माझं नाव दिलंय.

शेवटी त्या माणसांबद्दल, ज्यांची नावं कुठल्याच अहवालात येत नाहीत. टिपरवरचे कामगार आणि ढिगावर कचरा वेचणाऱ्या बाया. आपल्याला वारा फिरल्यावर वास येतो, त्या दिवसभर त्यात उभ्या असतात. कोल्हापुरात अवनि संस्थेनं या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी काम केलंय. आपण निदान एवढं करू. फुटलेली काच, ब्लेड, सुया वेगळ्या कागदात गुंडाळून वर खूण करून द्यायच्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे. सकाळी टिपर आला की वरून पिशवी फेकायची नाही, खाली येऊन हातात द्यायची. आणि उन्हाळ्यात गेटाजवळ पाण्याचा एक माठ ठेवायचा.

झूम उद्या नाहीसा होणार नाही. आपल्या ४८ किलोंनी दोनशे टनांत फारसा फरक पडणार नाही, हे गणित मलाही येतं. पण उद्या आपण पाच मागण्यांचा कागद घेऊन एखाद्या साहेबांपुढं उभे राहिलो आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीचा कचरा कसा येतो?" तर आपल्याकडं उत्तर असलं पाहिजे. आणि टोपच्या माझ्या मेव्हण्यापुढंही मला मान वर करून बसता आलं पाहिजे.

सह्यांचा नवा मजकूर मी लिहून आणलाय, सचिवांकडं देतो. पिंपं रविवारी येतील. जेवण तयार आहे असं मागून खुणावतायत. ताटात उष्टं टाकू नका, म्हणजे पहिल्याच पाळीत माझं काम कमी होईल.